अँटिबायोटिक संपलं की परत येणारा ताप : हृदयाच्या संसर्गाची लक्षणं कशी ओळखायची?

सूक्ष्मदर्शी

परवा दुसऱ्या एका धाग्यावर एकीने लिहिलं होतं, ‘ताप जातो आणि परत येतो, आता तिसरं अँटिबायोटिक चालू आहे.’ त्याच पोस्टमध्ये जाता जाता एक ओळ होती, की लहानपणी हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालंय. प्रतिसाद भरपूर आले, सगळे तापावर. झडपेचं कुणी नावच काढलं नाही. तिला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, पण विषय व्यनित मावणारा नाही, म्हणून हा धागा.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. मला पेशंट दिसत नाही, त्याच्या रक्ताची बाटली दिसते.

हृदयाच्या बाहेरच्या आवरणाला सूज आली तर पेरिकार्डायटिस, स्नायूला आली तर मायोकार्डायटिस आणि आतल्या अस्तराला, म्हणजे बहुतेक वेळा झडपांना, संसर्ग झाला तर एंडोकार्डायटिस. पहिले दोन बऱ्याचदा व्हायरसमुळे होतात आणि छातीत दुखणं, धाप लागणं असं काहीतरी करून लक्ष वेधून घेतात. तिसरा लबाड. त्यात छातीत दुखेलच असं नाही. मला लिहायचंय ते मुख्यतः त्याच्याबद्दल.

झडप आधीच खराब किंवा कृत्रिम असेल, तर तिच्यावर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स आणि फायब्रिनचा बारीक थर धरायला वाव मिळतो. हिरड्यांतून, कातडीच्या जखमेतून थोडेफार जंतू रक्तात शिरणं हे तसं रोजचंच. एरवी शरीर त्यांचा लगेच निकाल लावतं. असा थर सापडला की मात्र ते तिथे ठाण मांडतात. वाढत जाणाऱ्या त्या गाठीला व्हेजिटेशन म्हणतात. झडपेला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी तिथे धड पोचत नाहीत आणि औषधही गाठीच्या गाभ्यात सहजी शिरत नाही. पाच दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरतो, गाठ तशीच राहते. गोळ्या संपल्या की पुन्हा ताप.

याच्या दोन चाली आहेत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस असेल तर सगळं काही दिवसांत घडतं : हुडहुडी भरून ताप, माणूस झपाट्याने खालावतो. हा जंतू चांगल्या झडपेलाही सोडत नाही. तोंडात राहणारे व्हिरिडन्स गटातले स्ट्रेप्टोकॉकस असतील तर मामला आठवडे, कधी महिने रेंगाळतो. बारीक ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम, भूक नाही, वजन उतरतंय, सांधे-पाठ दुखतेय, जिना चढताना दम लागतोय. यातलं प्रत्येक लक्षण शंभर कारणांनी होऊ शकतं, आणि दिवस जातात ते तिथेच. ताप साधारण दहापैकी नऊ जणांना असतो. म्हातारी माणसं, स्टेरॉइड घेणारे, किडनी निकामी झालेले यांच्यात तो नसूही शकतो.

आता माझ्या टेबलावरचं. या रोगात जंतू रक्तात सतत झिरपत असतात, म्हणून ब्लड कल्चरसाठी (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) ताप चढायची वाट बघावी लागत नाही. मोठ्या माणसाचं रक्त वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून निदान तीनदा घेतात, दर वेळी बाटल्यांची जोडी, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. बाटल्या मशिनमध्ये साधारण पाच दिवस राहतात. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, बाटलीच्या बुडाचा सेन्सर रंग बदलतो आणि मशिन ओरडतं. मग एक थेंब काचेवर, ग्रॅम स्टेन (जंतू रंगवायची पद्धत), आणि मायक्रोस्कोपखाली जांभळ्या माळा दिसल्या की स्ट्रेप, घोस दिसले की स्टॅफ. फोन लगेच जातो, रिपोर्ट छापून होईपर्यंत कुणी थांबत नाही.

आणि कितीदा काहीच उगवत नाही! फॉर्म बघावा तर ‘अँटिबायोटिक चालू’ला खूण. कल्चर निगेटिव्ह येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. गोळ्यांनी रक्तातले जंतू दबतात, बाटलीत वाढत नाहीत, आणि झडपेवर कोण बसलंय ते कळत नाही. ते कळल्याशिवाय नेमकं औषध कुठलं द्यायचं? म्हणून माझं एकच मागणं : झडपेचा आजार, कृत्रिम झडप, जन्मजात हृदयविकार, पेसमेकर किंवा पूर्वी हाच संसर्ग, यांपैकी काही असेल आणि ताप नेमका कशामुळे आलाय ते समजत नसेल, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना ब्लड कल्चरबद्दल विचारा. घरातल्या उरलेल्या पट्टीतली गोळी तर मुळीच नको.

जुनाजाणता

लेख माहितीपूर्ण, पण थोडा विरोधी सूर लावतो. आता इथला प्रत्येक जण ताप आला की हृदय धरून बसणार. आधीच नेटवर लक्षणं वाचून निम्मी जनता आजारी आहे. हा रोग आहे तरी किती जणांना?

सूक्ष्मदर्शी

काका, रास्त प्रश्न. वर्षाला लाखामागे साधारण ३ ते १०. दुर्मीळच. ज्याच्या हृदयात काही बिघाड नाही आणि ज्याचा ताप तीन-चार दिवसांत गेला, त्याने हा धागा बिनधास्त विसरावा. पण ज्यांना धोका आहे त्यांच्यासाठी हिशोब वेगळा. उपचार मिळूनही हॉस्पिटलमध्येच साधारण पाचांत-सहांत एक जण दगावतो. उशीर झालेल्यांचं आणखी कठीण.

स्टेथो

फिजिशियन आहे, थोडी भर घालतो. धोक्याच्या यादीत डायलिसिसवरचे पेशंट, मोठ्या शिरेत बरेच दिवस नळी असलेले आणि सुईने नशा करणारे हेही धरा. सुईने नशा करणाऱ्यांत उजव्या बाजूची झडप बऱ्याचदा धरते, मग तुकडे फुप्फुसात जातात आणि न्यूमोनियाच वाटतो.

संधिवाताच्या तापाने, म्हणजे र्‍हुमॅटिक फीव्हरने, खराब झालेल्या झडपा ही जगात आजही मोठी संख्या आहे. लहानपणी घसा दुखून सांधे सुजले होते, पुढे बरीच वर्षं दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागायचं, अशी आठवण कुणाची असेल तर ती डॉक्टरांना सांगा. पेशंट सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते प्रकरण मिटलेलं असतं.

सूक्ष्मदर्शी यांच्या मागणीला एक पुरवणी. माणूस अत्यवस्थ असेल, बीपी पडलं असेल, तर कल्चर काही मिनिटांत काढून औषध तिथल्या तिथे सुरू करतात, रिपोर्टसाठी अडत नाहीत. ‘कल्चर आधी’चा अर्थ ‘उपचार नंतर कधीतरी’ असा कुणी घेऊ नये.

टिकटिक

आयडी बघून कळलं असेलच, माझी झडप धातूची आहे. शांत खोलीत शेजारच्यालाही ऐकू येते.

माझी महाधमनीची झडप जन्मतः दोनच पाकळ्यांची होती. असते तीन पाकळ्यांची. शंभरात एखाद-दोघांची दोनची असते आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते आयुष्यभर माहीत नसतं. मलाही नव्हतं. म्हणजे वरच्या यादीतला कुठलाच रकाना मी भरला नसता.

सुरुवात पाठदुखीने झाली. कंबरेच्या वर, आत खोल दुखायचं. एक्सरे, पट्टा, व्यायाम, सगळं झालं. संध्याकाळी अंग मोडून यायचं, पण थर्मामीटरवर आकडा असा की रजा टाकायलाही लाज वाटावी. वजन उतरत होतं तर लोक कौतुक करायचे. एका हॉस्पिटलमध्ये क्षयाची शंका घेतली, दुसरीकडे मानसिक ताण म्हणाले. मधल्या काळात अँटिबायोटिकचे कोर्स झाले, दर वेळी चार दिवस बरे जायचे.

शेवटी एका शिकाऊ डॉक्टरणीने माझे हात हातात घेतले आणि नखं खिडकीच्या उजेडात धरली. दोन नखांखाली उभ्या, तांबूस-काळपट बारीक रेघा होत्या, कुसळ घुसून बसल्यासारख्या. दाबून पाहिल्या, गेल्या नाहीत. मग डोळ्याची खालची पापणी ओढून आतले लाल ठिपके पाहिले. मग स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. ‘तुम्हाला मर्मर आहे हे कुणी सांगितलं होतं का?’ मर्मर म्हणजे ठोक्यांमध्ये ऐकू येणारा जास्तीचा आवाज. नव्हतं सांगितलं.

पुढे अन्ननलिकेतून करतात तो इको (ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र) झाला, गाठ दिसली, झडप गळत होती. औषध सहा आठवडे शिरेतून आणि मधेच ऑपरेशन. साधारण निम्म्या पेशंटना ऑपरेशन लागतं असं तेव्हा सर्जन म्हणाले होते. पाठदुखी? औषध सुरू झाल्यावर गेली ती गेलीच.

रातराणी

बापरे टिकटिक! आत्ताच सगळी नखं तपासली. एका नखाखाली रेघ आहे. 😟

स्टेथो

रातराणी, निरोगी माणसाच्या नखाखालची एखादी रेघ बहुतेक वेळा दरवाजात बोट चेमटल्याची किंवा कामात मार लागल्याची असते. नखाबरोबर ती पुढे सरकत जाते. तापासोबत, एकापेक्षा जास्त नखांत, मुळाकडच्या भागात दिसल्या तर त्या खुणेचं महत्त्व वाढतं.

अशा खुणा आणखीही आहेत. बोटांच्या पेरांवर वाटाण्याएवढ्या दुखऱ्या गाठी येतात, त्या ऑस्लर नोड्स. तळहात-तळपायावर न दुखणारे लाल डाग, ते जेनवे लीजन्स. डोळ्याच्या पडद्यावरचे रॉथ स्पॉट्स. विद्यार्थी हे तोंडपाठ करतात, पण हल्ली रोग लवकर पकडला जातो तिथे या खुणा थोड्याच पेशंटमध्ये दिसतात. त्या नाहीत म्हणून रोग नाही, असं धरून चालू नका. लघवीतून रक्त, वाढलेली प्लीहा, न कळणारा अ‍ॅनिमिया हे त्यामानाने वारंवार दिसतं.

रातराणी

बरं, नख सोडा. मूळ विचारायचं होतं ते वेगळंच. मला दहा-बारा दिवसांपूर्वी सर्दी-ताप होऊन गेला. कालपासून छातीत मधोमध टोचतंय. आडवं झालं की वाढतं, खोल श्वास घेतला की वाढतं, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. डाव्या खांद्याच्या वर मानेकडे पण दुखतं. वय ३१. हा एंडोकार्डायटिस असेल का?

स्टेथो

तुम्ही लिहिलंय ते पेरिकार्डायटिसच्या वर्णनाशी जुळतं. पण ते धाग्यावर ठरवायचं नाही. आजच जा, ईसीजी काढा. हार्ट अटॅक आणि फुप्फुसातली गुठळी नाही हे आधी बघावं लागतं, आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं असेल तर स्नायूलाही सूज आहे असं समजतात. चक्कर, घेरी, धाप, छातीत धडधड यातलं काही असेल तर स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

सूक्ष्मदर्शी

रातराणी, गेलात का? इथे कळवा.

जुनाजाणता

मघाशी मी विरोधी सूर लावला होता, पण हिने मात्र जावं. ३१ व्या वर्षी कुणी ‘गॅस असेल’ म्हणून सोडून देईल.

दंतकथा

दातांची डॉक्टर. या विषयात आमच्याबद्दल दोन टोकाचे समज आहेत. एक, दात काढला म्हणून हृदयाला संसर्ग झाला. दोन, हृदयाचं काहीही असलं की दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक हवंच.

२००७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने असं औषध कुणाला द्यायचं ती यादी बरीच आखडती घेतली. आता कृत्रिम झडप, पूर्वी झालेला एंडोकार्डायटिस आणि काही ठरावीक जन्मजात विकार, अशा सर्वाधिक धोक्याच्या पेशंटनाच कामाच्या ३० ते ६० मिनिटं आधी औषधाचा एक डोस देतात. मोठ्यांना सहसा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम. तेही हिरडीला किंवा दाताच्या मुळाला हात लागणार असेल तर. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना पूर्वी क्लिंडामायसिन द्यायचे, २०२१ पासून त्यांच्या यादीतून ते गेलं. ब्रिटनमध्ये तर २००८ पासून सरसकट देऊ नका असाच सल्ला आहे. तज्ज्ञांत मतभेद आहेत, त्यामुळे तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांचं मत प्रमाण.

माझा अनुभव विचाराल तर, लोक त्या एका गोळीबद्दल दहा प्रश्न विचारतात आणि हिरड्यांतून रोज रक्त येतंय याबद्दल एकही नाही. सुजलेल्या हिरड्या असतील तर नुसतं ब्रश करताना, चावताना जंतू रक्तात जातात, आणि ते वर्षाचे ३६५ दिवस. झडपेचा त्रास असणाऱ्याने दर सहा महिन्यांनी तोंड दाखवावं. दुखत नसलं तरी.

शाळेतलीआई

माझ्या मुलाला दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्यात छोटं छिद्र आहे, व्हीएसडी. ऑपरेशन लागणार नाही म्हणालेत. वय ६. वर वाचून घाबरले आहे. त्यालाही दातांच्या आधी गोळी लागेल का? आणि प्रत्येक तापात कल्चर?

स्टेथो

ताई, ऑपरेशन न केलेलं छोटं व्हीएसडी दंतकथा यांनी सांगितलेल्या गोळीच्या यादीत सहसा येत नाही. यादीत येतात ते अंग निळं पडणारे विकार, कृत्रिम पट्टी किंवा उपकरण लावल्यानंतरचे पहिले सहा महिने, आणि पट्टीच्या कडेने अजून गळती असेल तर ते.

पण गोळी लागत नाही म्हणजे धोका शून्य नाही. सर्दी-खोकल्यासकट आलेला नेहमीचा ताप असेल आणि मूल खेळतंय, तर कल्चर नको. नाक वाहत नाही, घसा लाल नाही, जुलाब नाहीत, आणि ताप आठवडाभर मागे लागलाय, मूल मलूल झालंय, तर अँटिबायोटिक लिहून घेण्याआधी ‘याला व्हीएसडी आहे’ हे वाक्य पहिलं. नवीन डॉक्टर असतील तर नक्कीच.

गणोबा

माझ्या वडिलांचा इको नॉर्मल आला. पेसमेकर आहे, ताप अधूनमधून येतोच. म्हणजे सुटलो ना?

सूक्ष्मदर्शी

गणोबा, स्टेथो सविस्तर सांगतील, पण लॅबवाली म्हणून विचारते : कल्चर झालंय का? आणि पेसमेकर बसवलाय तिथली कातडी कशी आहे?

गणोबा

कल्चर नाही झालं. कातडी थोडी लाल आहे, वडील म्हणतात बनियनचं घासतं.

स्टेथो

गणोबा, ते बनियनवर सोडू नका. पेसमेकरच्या जागी लाली, सूज, ऊब, पातळ झालेली कातडी किंवा पाणी येणं ही संसर्गाची खूण धरून चालायचं, नाही ठरली तर उत्तम. तिथे सुई घालून पाणी काढायला कुणालाही देऊ नका, पेसमेकर बसवणाऱ्या टीमकडेच न्या. वायरला संसर्ग झाला असेल तर नुसत्या औषधाने भागत नाही, सगळी यंत्रणा काढावी लागते.

इकोबद्दल : छातीवरून केलेल्या इकोत छोट्या गाठी सुटतात, कृत्रिम झडप आणि पेसमेकरच्या वायरवरच्या तर जास्तच. म्हणून अन्ननलिकेतून इको करतात. तोही निगेटिव्ह आला आणि शंका दाट असेल, तर साधारण पाच-सात दिवसांनी पुन्हा. निदान एका तपासणीवर होतच नाही. कल्चर, इको, ताप, खुणा हे सगळं मांडून ठरवायचे ड्यूक निकष १९९४ मध्ये आले आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारले.

आडवाट

अवांतर : संगीतकार गुस्ताव माहलर याच रोगाने गेला. झडपेचा विकार आधीपासून होता. न्यूयॉर्कमध्ये ताप सुरू झाला, रक्ताच्या कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकॉकस सापडला, म्हणजे निदान चोख झालं. पण साल १९११. पेनिसिलिन औषध म्हणून हातात यायला अजून तीन दशकं होती. मे महिन्यात व्हिएन्नात वारला, पन्नाशीतच.

टिकटिक

आडवाट, हे हॉस्पिटलमध्ये असताना वाचलं असतं तर झोप उडाली असती.

एक गोष्ट राहिली. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचं निदान कसं झालं, तर एके सकाळी तोंड वाकडं झालं आणि उजवा हात उचलेना. ताप आधीपासून होता, त्याकडे नंतर लक्ष गेलं.

स्टेथो

होतं असं. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला की पक्षाघात. आणि इथे घरच्यांच्या एका वाक्याने फरक पडतो. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात, पण गुठळी संसर्गाची असेल तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती जास्त, म्हणून सहसा ते टाळतात. इमर्जन्सीत पोचल्या पोचल्या ‘झडपेचा आजार आहे आणि इतके दिवस ताप होता’ हे सांगा.

अशीच लगेच निघण्याची वेळ म्हणजे अचानक आडवं झोपता येईना इतकी धाप (झडप फाटलेली असू शकते), घेरी येऊन पडणं (संसर्ग हृदयाच्या विद्युतवाहिन्यांपर्यंत पोचलेला असू शकतो), आणि एखादा हात किंवा पाय एकाएकी थंड, पांढरा पडून दुखू लागणं.

रातराणी

आले जाऊन. पेरिकार्डायटिसच निघाला. ईसीजीत बदल होते, ट्रोपोनिन नॉर्मल, इकोत आवरणात किंचित पाणी. सूज उतरवायच्या गोळ्या आणि कोल्चिसिन दिलंय, कोल्चिसिन तीन महिने. पळणं, जिम सगळं बंद. स्टेथो, मनापासून आभार. ‘पुढे वाकलं की बरं वाटतं’ हे सांगितल्यावर तिथल्या डॉक्टरांनी लगेच मान डोलावली.

स्टेथो

उत्तम. दुखणं थांबलं तरी कोल्चिसिन मधेच सोडू नका, उलटतं. ट्रोपोनिन नॉर्मल हे चांगलं. स्नायूला सूज असती तर व्यायामबंदी तीन ते सहा महिने झाली असती. ताप रेंगाळला, वजन उतरू लागलं किंवा पाणी वाढलं तर मात्र पुन्हा दाखवा, जिथे क्षयरोग आहे तिथे आवरणाचा क्षय डोक्यात ठेवावा लागतो.

जुनाजाणता

टिकटिक, एकदा बरं झाल्यावर परत होतो का हा?

टिकटिक

होऊ शकतो काका. एकदा झाला की माणूस कायमचा सर्वाधिक धोक्याच्या यादीत. म्हणून पाकिटात कार्ड ठेवतो : कुठली झडप, कुठल्या साली, कुठला जंतू सापडला होता, कुठली औषधं चालू आहेत, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘ताप असल्यास अँटिबायोटिकआधी ब्लड कल्चर’. एकदा प्रवासात ताप आला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ते वाचून निमूट बाटल्या मागवल्या.

स्टेथो

त्यावर शेवटचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) आणि त्याची तारीखही लिहीत जा. धातूच्या झडपेमुळे रक्त पातळ करायची गोळी चालू असणार, आणि बरीच अँटिबायोटिक्स त्या गोळीचा परिणाम वाढवतात. ताप आणि नवीन औषध दोन्ही असतील त्या आठवड्यात आयएनआर नेहमीच्या तारखेची वाट न बघता आधीच तपासायचा.